किंडर स्काउटची फेरी आखताना

उत्तर इंग्लंडात राहायला गेलेल्या मराठी माणसाला काही महिन्यांतच सह्याद्रीची आठवण यायला लागते. शनिवार-रविवार मोकळे असतात, हवा बरी असते, पाय शिवशिवतात. पण जायचं कुठे आणि सुरुवात कशी करायची हे उमगत नाही. अशांना मी एकच वाट सुचवतो. ईडेल गावातून निघायचं, खोऱ्यातून चालत जाऊन किंडर स्काउटच्या पठारावर चढायचं, पठाराच्या कडेकडेने पुढे सरकायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा ईडेलला उतरायचं. अंतर साधारण १३ किलोमीटर, चढ ४५० ते ५०० मीटर. राजगड-तोरणा केलेल्याला हे आकडे किरकोळ वाटतील, आणि दमाचा विचार केला तर ते तसे आहेतही. पण ही फेरी दम कमी पडल्यामुळे बिघडत नाही. ती बिघडते आखणी कच्ची राहिल्यामुळे, आणि बिघडते ती वर पठारावर. खोरं चुका पोटात घालतं, पठार घालत नाही. म्हणून आधी पठारावरचे दोन-तीन तास नीट आखायचे आणि बाकीचा दिवस त्यांच्या दोन्ही बाजूंना बसवायचा.

हा सगळा भाग पीक डिस्ट्रिक्टमध्ये येतो. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. किंडर स्काउट हा त्यातला सर्वांत उंच भाग, ६३६ मीटर; म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण इथे शिखर असं काही नाही. वर पोचल्यावर दिसतं ते मैलोन्‌मैल पसरलेलं सपाट मूरलँड: झाड जवळजवळ नाही, हेदरची गुडघाभर झुडपं, कापूसगवत, आणि त्याखाली पीट. पीट म्हणजे पाण्यात अर्धवट कुजत साचलेल्या शेवाळाचा आणि झाडपाल्याचा हजारो वर्षांचा काळा थर. काही ठिकाणी तो माणसाच्या उंचीपेक्षा जाड आहे. पावसाच्या पाण्याने त्यात खोल, नागमोडी घळी कोरल्या आहेत. अशा एका घळीत उतरलात की डोक्याच्या वर फक्त काळी भिंत आणि आभाळ उरतं. दुसऱ्या काठाने वर येईपर्यंत दिशा किती सरकली याचा अंदाज लागत नाही. अशा तीन-चार घळी ओलांडल्या, की स्वच्छ हवेतही माणूस गोंधळतो.

या पठाराच्या दशेला मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांचा इतिहास चिकटलेला आहे. औद्योगिक क्रांतीपासून दीड-दोनशे वर्षं कारखान्यांचा धूर इथे उतरत राहिला आणि पीट तयार करणारं स्फॅग्नम शेवाळ मरून गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या बंदरातून गेलेला कापूस याच लँकेशायरच्या गिरण्यांत कातला जात होता, हे वर उभं राहिल्यावर आठवावं असं आहे. शेवाळ गेल्यावर पीट उघडं पडलं आणि वाहून जाऊ लागलं. २००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ या उपक्रमात घळींना बांध घालणं, उघड्या पीटवर गवत आणि शेवाळ पुन्हा रुजवणं हे काम नेटाने चाललं आहे. चालणाऱ्याने त्यासाठी करायचं ते एवढंच, की चिखल चुकवायला वाटेच्या बाजूने नवी वाट पाडू नये. बूट चिखलात गेला तर जाऊ द्यावा.

आता दिशा. ही फेरी दोन्हीकडून करता येते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावी, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे आधी पश्चिमेकडे खोऱ्यातून, मग जेकब्ज लॅडरने वर, मग पठाराच्या दक्षिण कडेने पूर्वेकडे, आणि ग्रिंड्सलो नॉलवरून खाली. कारणं तीन. या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे उघड्या कडेवर तो पाठीवर राहतो. उलट गेलात तर पाऊस तासभर तोंडावर घेत चालावं लागतं. दुसरं, जेकब्ज लॅडरची वाट दगडी बांधणीची आणि चुकायला अवघड आहे, म्हणून अंग तापायच्या वेळी ती बरी. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं. पठारावर पोचल्या पोचल्या परत फिरायचं ठरलं, तर आलेली सोपी वाट पाठीशी तयार असते.

वेळेचं गणित घरी बसून करायचं. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशेब अजूनही कामाला येतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १३ किलोमीटरचे २ तास ३६ मिनिटं, ४८० मीटर चढाची ४८ मिनिटं, म्हणजे ३ तास २४ मिनिटं. हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, तयारीच्या माणसाचा आहे. आपल्या चार-सहा जणांच्या गटात कुणी पहिल्यांदाच आलेलं असतं, कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला फोटो हवे असतात. म्हणून वेग ताशी ४ किलोमीटर धरावा. मग चालणंच चार तासांवर जातं. त्यात जेवण आणि थांबे यांचा सव्वा ते दीड तास मिळवला की साडेपाच तास होतात. सकाळी दहाला ईडेल सोडलं तर दुपारी साडेतीनला परत. हा झाला चांगल्या दिवसाचा आकडा.

त्यातच परत फिरण्याची वेळ ठरवून टाकायची आणि ती निघण्याआधी सगळ्यांना सांगायची. पठारावरच्या किंडर लो या ठिकाणी दुपारी दीडपर्यंत पोचलो नाही, तर आल्या वाटेने उतरायचं. वर गेल्यावर यावर चर्चा नको. दमलेला गट वाटाघाटी वाईट करतो.

उजेडाकडे आपलं लक्ष कमी असतं, कारण आपल्याकडे वर्षभर सूर्यास्त सहा ते सव्वासातच्या आसपास फिरतो. इथे जूनच्या अखेरीस साडेनऊनंतरही उजेड असतो आणि डिसेंबरच्या मध्यात चारच्या आतच सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या आठवड्यात सहज जमलेली फेरी त्या आठवड्यात अंधारात संपू शकते. पहिल्या खेपेसाठी मे ते सप्टेंबर हाच काळ धरा. मे-जूनमध्ये कापूसगवताचे पांढरे झुबके डोलत असतात, ऑगस्टमध्ये हेदर फुलून डोंगर जांभळा होतो. मला स्वतःला जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यांत आवडतो: दिवस लांब, आणि टिटवीच्या कुळातल्या सोनेरी प्लोव्हरची शीळ सतत कानावर. हिवाळ्यात पांढरे होणारे डोंगरी ससे इंग्लंडमध्ये याच भागात दिसतात, पण त्यांच्यासाठी बर्फातल्या चालीचा सराव झाल्यावर जावं.

गाडीने जाऊ नका. मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्ग ईडेलमधूनच जातो. मँचेस्टरहून पाऊण-एक तास, शेफील्डहून अर्धा-पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडलं की ट्रेक सुरू. चांगल्या हवेच्या रविवारी गावात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि अरुंद रस्त्यावर कडेला लावलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडते. रेल्वेने जाताना मात्र परतीच्या दोन गाड्या आधीच लिहून ठेवा: एक धरायची, आणि एक ती चुकली तर. रुळांच्या कामासाठी शनिवार-रविवारी गाड्या रद्द होऊन बस लावली जाते, तेही आदल्या दिवशी बघून घ्या.

हवेचा अंदाज बघताना शहराचा बघू नका. ब्रिटिश हवामान खातं पीक डिस्ट्रिक्टसाठी डोंगरी भागाचा वेगळा अंदाज देतं, तो वाचा. आणि त्यात पावसाच्या आधी वाऱ्याचा वेग आणि ढगांची पातळी बघा. ढग ६०० मीटरच्या खाली असतील तर पठारावर धुकं आहे, इतका सरळ अर्थ. नकाशा आणि होकायंत्र वापरायची सवय गटात कुणालाच नसेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही. खोऱ्यातली चाल करायची. ती पुढे सांगतो.

पावसाबद्दल मात्र सह्याद्रीतली सवय इथे घातक ठरते. आपण जुलैत टी-शर्टवर भिजत हरिश्चंद्रगड चढतो आणि वर गरम पिठलं-भाकरी मिळते. तो पाऊस कोमट असतो. इथला पाऊस ऑगस्टमध्येही थंड असतो, त्याला वाऱ्याची जोड मिळते, आणि भिजलेला सुती शर्ट किंवा जीन्स अंगातली ऊब भराभर ओढून घेते. माणूस आधी कुडकुडतो, मग अडखळायला लागतो, मग बोबडं बोलतो. आणि याच टप्प्यावर ‘मी ठीक आहे’ असं सांगतो. ते ऐकायचं नाही. वाऱ्याचा आडोसा, कोरडे कपडे, गोड आणि गरम पेय, आणि लगेच उतार. हे टाळायचं तर आत सिंथेटिक किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यांत वर पाणी न शिरणारं जॅकेट. तशीच पँटही हवी. आपली माणसं जॅकेट घेतात आणि पँट विसरतात. टोपी आणि हातमोजे जूनमध्येही सॅकमध्ये असू द्या. बूट घोट्यापर्यंतचे, तळाला खोल खाचा असलेले, आणि आधी घातलेले. नवे कोरे बूट पहिल्यांदा या वाटेवर घालू नका.

खाण्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. दशम्या, धपाटे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिक्की: दिवसभर टिकणारं, थंड झालं तरी खाता येणारं आणि पोटाला आधार देणारं. वर हॉटेल, टपरी, घर काही नाही. पाणी माणशी दीड ते दोन लिटर खालूनच न्या; पठारावरचं ओढ्याचं पाणी पीटमुळे तपकिरी असतं आणि वर मेंढ्या चरत असतात. थर्मासमध्ये चहा नेलात तर त्याची किंमत वर कळेल. केळ्याचं आणि संत्र्याचं सालसुद्धा परत आणायचं. थंड, आंबट पीटमध्ये ते लवकर कुजत नाही.

नकाशा हवा तो ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल १, डार्क पीकचा. प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तोच नकाशा फोनवर उतरवून ठेवा, पण फोन हा एकमेव आधार नको. खोऱ्यात ठिकठिकाणी रेंज नसते आणि थंडीत बॅटरी पटकन उतरते. सह्याद्रीत वाट चुकली तर गुराखी भेटतो, ‘मामा, वाट कुठं जाते?’ म्हणून विचारता येतं. पठारावर विचारायला कुणी नसतं.

आता प्रत्यक्ष वाट. स्टेशनवरून गावात वर जा. ओल्ड नॅग्ज हेड या जुन्या पबपाशी पेनाइन वे सुरू होते. १९६५ साली खुली झालेली ही ४३१ किलोमीटरची पायवाट इथून थेट स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथोमपर्यंत जाते. आपल्याला तिचा पहिला तुकडाच चालायचा आहे. कुरणांतून, दगडी गडग्यांच्या फटींतून आणि छोट्या फाटकांतून ती अपर बूथ या वस्तीकडे नेते. पायवाटेच्या खुणा पिवळ्या बाणाच्या, घोड्यांनाही मुभा असलेल्या वाटेच्या निळ्या. फाटक जसं मिळालं तसं सोडायचं: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गाईंबरोबर वासरं असतील तर लांबून वळसा घाला, मध्ये शिरू नका. अपर बूथच्या पुढे ली फार्म लागतं आणि मग ओढ्यावरचा घोटीव दगडांचा छोटा पूल. पूर्वी तट्टांवरून माल नेणाऱ्यांसाठी बांधलेला हा पूल एवढा अरुंद आहे, की दोन माणसं जेमतेम शेजारून जातील. इथे पहिला मोठा थांबा घ्या, जॅकेट काढा, पाणी प्या. पुलाच्या पलीकडून जेकब्ज लॅडर सुरू होते. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी वर राहत असे. तट्टं वळणावळणाने पाठवून स्वतः सरळ चढता यावं म्हणून त्याने इथे पायऱ्या खोदल्या, असं सांगतात. चढ खडा आहे, पण लांब नाही. गटातल्या सर्वांत हळू माणसाला पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे राहा.

वर आल्यावर किंडर लोपर्यंत जा. ६३३ मीटरवर तिथे सर्वेक्षणाचा पांढरा खांब आहे. पश्चिमेला खाली किंडरचा जलाशय दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर मँचेस्टर. २४ एप्रिल १९३२ रोजी त्याच बाजूच्या हेफील्ड गावातून सुमारे ४०० माणसं, त्यातले बरेच तरुण कामगार, मुद्दाम मनाई मोडून या डोंगरावर चालून आले होते. तेव्हा हे सगळं मूरलँड जमीनदारांच्या ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होतं. वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या. पाच जणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास झाला. राष्ट्रीय उद्यानांचा १९४९चा कायदा आणि मोकळ्या डोंगरांवर चालण्याचा हक्क देणारा २०००चा कायदा यांच्या मागे ही आणि अशी आंदोलनं आहेत. आपण परदेशातून आलेली माणसंही इथे कुणाची परवानगी न मागता फिरतो, त्याची किंमत कुणीतरी आधी मोजलेली आहे. ही गोष्ट मुलांना इथे, खांबापाशी सांगावी.

चूक होते ती इथेच. पेनाइन वे किंडर लोवरून उत्तरेकडे किंडर डाउनफॉल या धबधब्याकडे जाते आणि ती वाट ठळक असल्याने पाय आपोआप तिकडे वळतात. आपल्याला मात्र त्याच वाटेने थोडं मागे येऊन पूर्वेकडची कडेची वाट धरायची आहे. निघण्याआधी होकायंत्र काढा, नकाशा उत्तरेशी जुळवा, आणि पूर्व कुठे ते प्रत्येकाला हाताने दाखवायला सांगा. धबधबा बघायचा मोह होतो, पण जाऊन-येऊन चारेक किलोमीटर वाढतात. तो वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

कडेच्या वाटेवर एकच नियम: उतार उजव्या हाताला. पठाराच्या आत, डावीकडे, सरकलात की त्या घळी सुरू. नो स्टूल, पिम चेअर आणि मग वूल पॅक्स हे खडक ओळीने लागतात. वूल पॅक्समध्ये थांबाच. भरड वालुकाश्माचे हे प्रचंड गोटे वाऱ्यापावसाने गोल झाले आहेत, मेंढ्यांचा कळप बसकण मारून राहावा तसे. त्यांच्या मधल्या काळ्या पीटमध्ये पांढरी गारेची वाळू चमकते. हात फिरवलात तर खडकावरचे तेच कण बोटांना खरखरीत लागतात. आडोसा मिळतो, म्हणून जेवणाची जागा हीच. जिथे शेवाळ चकचकीत हिरवं दिसतं तिथे पाय टाकू नका, त्याखाली पाणी असतं. हेदर वाढलेली जागा बहुधा कोरडी.

पुढे क्राउडन टॉवरपाशी क्राउडन क्लफची घळ खाली उतरते. नकाशावर ती जवळची वाट वाटते, पण तिचा वरचा भाग खडकाळ आणि ओला असतो. मुलं बरोबर असतील किंवा पाऊस झाला असेल तर तिथून उतरू नका. ग्रिंड्सब्रुक या ओढ्याच्या वरच्या टोकालाही तेच. तसंच पुढे ६०१ मीटरच्या ग्रिंड्सलो नॉलपर्यंत जा. तिथून ईडेल पायाखाली दिसतं आणि उघड्या उतारावरून सरळ वाट गावात येते. उतार गुडघ्यांना जड जातो. चालायच्या काठ्या असतील तर त्या इथे कामी येतात.

भारतातून मुलांकडे आलेल्या आई-बाबांना, किंवा लहान नातवंडांना, या दिवसातून वगळू नका. त्यांनी दगडी पुलापर्यंत जावं आणि त्याच वाटेने परत यावं. जाऊन-येऊन दहा-अकरा किलोमीटर होतात, चढ थोडा. तेवढंही नको असेल तर अपर बूथवरूनच माघारी फिरावं. संपूर्ण खोरं तेवढ्यातही मनसोक्त बघून होतं. पुलापाशी सगळ्यांनी एकत्र बसायचं, मग दोन गट करायचे; प्रत्येक गटात एक नकाशा आणि एक चालू फोन.

कुत्रा बरोबर असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या मूरलँडवर त्याला दोन मीटरच्या आतल्या दोरीने बांधून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. आग, शेगडी, सिगारेट वर अजिबात नको. कोरडं पीट आतल्या आत दिवसेंदिवस जळत राहतं. २०१८ साली जवळच्या सॅडलवर्थ मूरवर पेटलेली आग विझवायला शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

निघताना घरी राहिलेल्या कुणाला तरी वाट, माणसं आणि परतीची वेळ कळवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागायची हेही. अपघात झाला तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. म्हणून संकोचाने उशीर करू नका. बोलण्याइतकी रेंज नसली तरी मेसेज जाऊ शकतो, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ वर पाठवून आधी नोंदणी करावी लागते. ती घरूनच करा. शिट्टी असू द्या: मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा वाजवायची. विजेरी प्रत्येकाकडे, उन्हाळ्यातसुद्धा.

घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यांमागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत नीट बघा. ब्रॅकन या नेच्याच्या झुडपांतून गोचीड अंगावर येते आणि तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून हळू सरळ वर ओढायची. तेल, मेणबत्ती असले उपाय करायचे नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा तापासारखं वाटलं, तर डॉक्टरकडे जाऊन डोंगरावर गेलो होतो हे आवर्जून सांगा.